शेड कधी सांगताय?

रंगारीकाका रोज काम संपल्यावर ब्रश धुता धुता हाच एक प्रश्न विचारायचे. त्यांचं बरोबरच होतं. जुनं घर रिकामं करून द्यायची तारीख पक्की झाली होती, सामान हलवणाऱ्यांना आगाऊ रक्कम देऊन झाली होती, आणि नव्या घराच्या भिंती लांबी (पुट्टी) भरून, घासून, प्रायमरची, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराची, वाट बघत उभ्या होत्या. तारीख पुढे ढकलणं शक्य नव्हतं, आणि एकेक खोली नंतर सवडीने रंगवू असं म्हणायचीही सोय नव्हती. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. एकदा ते राहायला आले की पुन्हा घासकाम, धूळ, ओल्या रंगाचा वास यातलं काही घरात नको होतं. म्हणजे बाबांची खोली, आमची खोली, स्वयंपाकघर, हॉल आणि मधला पॅसेज, सगळ्यांचे रंग ठरवायचे आणि तेही लगेच.

शेडकार्ड उघडलं की शेकडो चौकोन समोर येतात. दहा मिनिटांत डोळे शिणतात आणि सगळं सारखंच दिसायला लागतं. म्हणून मी कार्ड मिटून ठेवलं आणि काकांनाच विचारलं, "काका, तुम्हाला कुठला रंग कधी लागणार?" ते शिडीवरून खाली उतरले आणि बोटांवर मोजून सांगायला लागले. आधी सगळीकडे प्रायमर. मग सगळी छतं. मग आतल्या दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, मग हॉल, आणि भिंतींमध्ये सगळ्यात शेवटी पॅसेज, कारण शिड्या, बादल्या, माणसं सगळं तिथूनच ये-जा करणार. आधी रंगवला तर घासून खराब होणार. दारं आणि चौकटी त्याच्याही नंतर.

हे ऐकलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या एका तारखेच्या पोटात बऱ्याच छोट्या तारखा होत्या. प्रायमरला शेड लागत नाही. छत पांढरंच करायचं होतं, कारण छतावर थेट उजेड पडत नाही. तो जमिनीवरून आणि भिंतींवरून उसळून वर जातो, म्हणून तोच रंग छताला लावला तर भिंतीपेक्षा गडद दिसतो. म्हणजे काकांचं काम कुठेही न थांबवता मला थोडी फुरसत मिळत होती, आणि ठरवायचा क्रमही आपोआप लागला होता: सगळ्यात आधी बाबांची खोली, सगळ्यात शेवटी पॅसेज. घाई असली की सगळे रंग एका बैठकीत ठरवून मोकळं व्हावंसं वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. रंगारी ज्या क्रमाने काम करणार त्या क्रमाने ठरवावं. शेवटच्या खोलीला मिळणारा वेळ फुकटचा असतो, तो घ्यावा.

त्यानंतर, जे बदलणार नव्हतं त्याची मोट बांधली. फरशी बदलणार नव्हती. खिडक्यांच्या चौकटी, स्वयंपाकघरातल्या टाइल्स, सोफा आणि पडदे तेच राहणार होते. बांधकामातून उरलेला फरशीचा एक तुकडा, सोफ्याच्या उशीचा अभ्रा आणि पडद्याच्या शिवणीतून निघालेली एक पट्टी एका पिशवीत घातली, आणि शेड बघायला जाईन तिथे ती पिशवी बरोबर न्यायची असं ठरवलं. एकटा रंग कुणी बघत नाही, तो नेहमी शेजाऱ्यासकट दिसतो. पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाईचे प्रमुख होते. काळ्या लोकरीचा रंग नीट चढत नाही, अशी त्यांच्याकडे तक्रार आली. त्यांनी तपासलं तर लोकर पक्की काळी होती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे ती फिकी वाटत होती. १८३९ मध्ये त्यांनी यावरचं सगळं निरीक्षण प्रसिद्ध केलं. आमच्या घरातली तांबूस फरशीही तेच करत होती. तिच्याजवळ धरली की चांगली राखाडी शेडसुद्धा हिरवट वाटायची. त्या एका फरशीच्या तुकड्याने शेडकार्डाची अर्धी पानं बाद केली, आणि वेळ कमी असताना बाद करता येणं हीच मोठी मदत असते.

फिकट शेडची झाक ओळखणं सगळ्यात अवघड. पांढरट चौकोनांची रांग बघितली की सगळे एकाच घरचे वाटतात. दोन गोष्टींनी ते सोपं झालं. एक म्हणजे साधा पांढरा कागद शेजारी ठेवायचा; लगेच कळतं की हा पिवळट, तो गुलाबट, तो निळसर. दुसरी म्हणजे त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघायची. बऱ्याच कार्डांत एका पट्टीवरच्या शेड एकाच कुळातल्या असतात. खालची शेवळासारखी हिरवी असेल तर वरच्या मोतिया रंगातही तो हिरवा लपलेला असण्याची शक्यता मोठी, आणि भिंतीवर गेला की तो बाहेर येतो.

भिंतीवर का बाहेर येतो, हे समजून घेतल्यावर मला निवड करताना भीती वाटेनाशी झाली. भिंत समोरच्या भिंतीचा उजेड घेते आणि परत पाठवते. बऱ्याच शेडना एलआरव्ही, म्हणजे लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू, असा एक आकडा दिलेला असतो. ० म्हणजे पडलेला सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. प्रत्यक्षातले रंग या दोन टोकांच्या मध्ये असतात. ८० आकड्याच्या भिंतीवरून उजेड दोनदा उसळला तर १०० पैकी ६४ उरतो. ५० च्या भिंतीवरून दोनदा उसळला तर २५च. आणि प्रत्येक उसळीत भिंतीचा स्वतःचा रंग त्या उजेडात मिसळत जातो. म्हणून हाताच्या पंजाएवढ्या कार्डावर जेमतेम जाणवणारा गुलाबीपणा चार भिंतींच्या खोलीत चांगला गुलाबी होतो, आणि कोपरे तर आणखी गडद दिसतात. पिवळा रंग या बाबतीत फारच पुढे जातो. कार्डावर जो पिवळा आवडतो त्याच्याहून पुष्कळ फिकट, थोडा राखाडीकडे झुकणारा पिवळा घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

नमुना लावून बघायचा तर भिंतीवरच दोन-चार पट्टे मारून बघतात. मी काकांना तसं करू दिलं नाही. एक तर वेगवेगळे पट्टे शेजारी आले की प्रत्येक पट्टा दुसऱ्याला बिघडवतो. शिवाय त्या पट्ट्याच्या कडेला रंगाचा जाड थर बसतो आणि नंतर घासला नाही तर रंगाच्या शेवटच्या हातातूनही, म्हणजे थरातूनही, ती रेघ दिसते. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याचे मोठे तुकडे घेतले, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढे. काकांनी प्रायमर करताना त्यांच्यावरही प्रायमरचा हात मारून दिला. छोट्या नमुना-डब्यांतला रंग रोलरने दोनदा लावला. एक हात पुरत नाही, खालचा पांढरा डोकावतो आणि शेड फिकी वाटते. ओला असताना तर निवाडा करूच नये. पाण्यातल्या इमल्शनमधलं बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भाग, ओलं असताना दुधाळ असतं आणि सुकल्यावर पारदर्शक होतं, म्हणून रंग सुकला की बहुतेक वेळा थोडा गडद होतो. पंख्याखाली ठेवून पुठ्ठे पूर्ण वाळू दिले, मागे पेन्सिलीने शेडचा नंबर लिहिला, आणि मग त्यांना घेऊन घरभर फिरले.

पुठ्ठ्याचा मोठा फायदा हा की तो हलवता येतो. खिडकीच्या भिंतीवर धरला, खिडकीसमोरच्या भिंतीवर धरला, दोन पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात उभे केले. एकच शेड या तीन जागी तीन वेगळ्या तऱ्हेने वागते. खिडकीच्याच भिंतीवर रंग नेहमी मळकट दिसतो, कारण उजेड तिच्या पाठीमागून येतो आणि डोळे खिडकीच्या झगमगाटाला जुळवून घेतात. मग जी वेळ त्या खोलीत जास्त जाणार, त्या वेळी बघायचं. आमची खोली सकाळी लवकर आणि रात्रीच वापरात असणार होती. भर दुपारी ती कशी दिसते याला मी महत्त्वच दिलं नाही. तिथे फिकट शेवाळी घेतला, रात्रीच्या पिवळ्या दिव्यात तो शांत राखाडी होतो हे बघून. त्या खोलीवर यापेक्षा जास्त वेळ घालवायची गरज नव्हती.

बाबांच्या खोलीला मात्र घालवला, आणि तो घालवलाच पाहिजे होता.

बाबा एका उलट्या बादलीवर बसले. मी समोरच्या भिंतीला पुठ्ठे टेकवून ठेवले. त्यांनी आधी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, मग डाव्या. परत उजव्या. "अगं, हे दोन वेगळे रंग आहेत," ते म्हणाले. पुठ्ठा एकच होता. "या नव्या डोळ्याने हा पांढरा आहे, निळीत घातल्यासारखा. आणि या डोळ्याने जुन्या वर्तमानपत्राचा कागद."

वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं पडत जातं आणि मोतीबिंदूत आणखी पिवळट-तपकिरी होतं. निळा उजेड त्यात अडतो. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशन करून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की तो अडलेला निळा एकदम आत येतो. एक डोळा झालेला आणि एक व्हायचा, अशा मधल्या काळात माणसाच्या डोक्यातच दोन्हींची तुलना करायची सोय असते. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं असंच ऑपरेशन १९२३ साली झालं आणि त्यानंतर रंग बदललेले दिसतात म्हणून ते फार वैतागले होते. बाबा वैतागले नाहीत, उलट त्यांना त्यात रस वाटायला लागला. एकेक पुठ्ठा मागवून ते दोन्ही डोळ्यांनी तपासायला लागले.

आणि त्यातून निवडीचा एक सरळ मार्ग निघाला. मला त्यांच्या खोलीसाठी निळसर राखाडी आवडला होता. नव्या डोळ्याने तो त्यांना छान स्वच्छ दिसत होता, जुन्या डोळ्याने मात्र हिरवट आणि मळका. बरोबरच आहे, ज्या रंगाची सगळी शोभा निळ्यात आहे त्यातला निळाच अडला तर उरणार काय? उलट गव्हाळ आणि फिकट बदामी शेड दोन्ही डोळ्यांना जवळपास सारख्या दिसत होत्या, कारण त्यांच्यात निळा मुळात कमीच. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की बाबांची नजर पुन्हा बदलणार, हे माहीत होतं. मग आजच्या नजरेला आणि उद्याच्याही नजरेला टिकेल तोच रंग घ्यायचा. निळसर राखाडी मी तिथल्या तिथे बाजूला ठेवला.

तरी काम संपलं नव्हतं. बाबा रात्री उठतात. अंधुक उजेडात त्यांना दिव्याचं बटण दिसलं पाहिजे, दाराची कड दिसली पाहिजे, भिंत कुठे संपते आणि फरशी कुठे सुरू होते हे कळलं पाहिजे. वृद्ध डोळ्यांना रंगातला फरक कमी कळतो, उजेड-अंधारातला फरक त्या मानाने बरा कळतो. पांढऱ्या भिंतीवर पांढरी बटणं म्हणजे त्यांच्यासाठी भिंतीवर काहीच नाही. ब्रिटनमधल्या सुलभ इमारतींसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत, शेजारच्या दोन पृष्ठभागांच्या एलआरव्हीमध्ये साधारण ३० अंकांचा फरक असावा असा संकेत आहे. तो मला फार उपयोगी पडला. गव्हाळ शेडच्या पट्टीत मला आधी आवडलेली शेड ७० च्या वरची होती. पांढरं बटण त्यावर विरून जात होतं. तिच्याखालची, ५५ च्या आसपासची शेड घेतली. पुठ्ठ्यावर सुटं बटण ठेवून खिडकीचा पडदा ओढला आणि बाबांना दारातून बघायला लावलं. त्यांनी बोट दाखवून म्हटलं, "ते तिथे." दाराची चौकट गडद तपकिरी ठेवायची हेही तेव्हाच ठरलं.

फिनिश मॅट, म्हणजे चमक नसलेलं. चकचकीत भिंतीवर दिव्याचा तिरपा झोत पडला की तिथे पांढरा डाग चमकतो आणि मोतीबिंदूच्या डोळ्याला तो फार खुपतो. काकांचं म्हणणं होतं की मॅटवर हात लागले की डाग पडतात, सॅटिन, म्हणजे हलकी चमक असलेला, पुसता येतो. त्यांचंही खरं होतं. म्हणून पलंगामागची आणि बटणाजवळची भिंत पुसता येईल अशा प्रतीच्या मॅटमध्ये घ्यायची असं ठरलं, आणि मग वेगळं काही ठेवायला नको म्हणून सगळी खोलीच त्यात केली.

स्वयंपाकघर पटकन झालं. टाइल्स आणि कपाटं गेल्यावर भिंत उरतेच किती? हॉलचाच रंग तिथे न्यायचा आणि फिनिश सॅटिन घ्यायचं, म्हणजे वाफ आणि तेलकटपणा पुसता येतो. एक निर्णय कमी झाला की घाईत बरं वाटतं.

हॉलला उत्तरेची मोठी खिडकी आहे. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराचसा काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो, आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. चित्रकारांना म्हणूनच तो आवडतो. पण तो भिंतीवरच्या प्रत्येक राखाडीला निळीकडे ओढतो. अशा खोलीला पांढराशुभ्र दिला की खोली उजळते असं सर्रास सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. भिंत उजेड तयार करत नाही, आलेलाच परत देते. आलेला उजेड थोडा आणि निळसर असेल तर पांढरी भिंत करड्या ढगासारखी दिसते. तिथे मातीची झाक असलेला फिकट राखाडी फारच छान बसला. निळा उजेड आणि मातकट रंग एकमेकांना सांभाळून घेतात.

पण हॉल आम्ही वापरणार मुख्यतः दिवे लागल्यावर. म्हणून रंगाच्या आधी दिवे ठरवले, आणि ते दोन-चार दिवे आणून नुसत्या होल्डरमध्ये लावून बघितले. दिव्याच्या उजेडाची झाक केल्विनमध्ये मोजतात: २७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ४००० चा मधला, ६५०० चा निळसर पांढरा. एकाच पुठ्ठ्यावर आळीपाळीने हे उजेड टाकले तर माझी मातकट शेड पहिल्यात उबदार, शेवटच्यात थेट सिमेंटसारखी होत होती. आम्ही ३००० च्या आसपासचे दिवे घेतले. खोक्यावर सीआरआयचा आकडाही बघितला. रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप, १०० सर्वांत चांगलं. ८० चे दिवे सगळीकडे मिळतात, पण ९० च्या वरच्या दिव्यात फरशीतला तांबूसपणा आणि पडद्याचा रंग उठून दिसला. जिथे शेडकार्ड बघायला गेले तिथल्या ट्यूबलाइटमध्ये पडद्याची पट्टी आणि भिंतीची शेड जुळलेली होती आणि पिवळ्या दिव्यात फटकून वागत होती, तेही इथेच कळलं. कापडाचा रंग आणि भिंतीचा रंग वेगळ्या द्रव्यांनी बनतात, एका उजेडात दोघं सारखे दिसले तरी दुसऱ्यात दिसतीलच असं नाही. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून पडद्याशी तंतोतंत जुळवायचा नाद सोडला आणि त्याच्यापेक्षा स्पष्ट फिकट शेड घेतली. स्पष्ट फरक असला की किंचित इकडेतिकडे झालेलं डोळ्यांना खटकत नाही.

माझी बहीण लांब राहते, तिला फोटो पाठवले होते. तिने फार प्रेमाने मतं दिली, पण ती ज्या रंगांवर मतं देत होती ते आमच्या भिंतीवर नव्हतेच. फोन आपल्या मनाने उजेड पांढरा करून घेतो आणि तिच्या स्क्रीनचा रंग आणखी वेगळा. शेवटी तिला सांगितलं की तू शेडचा नंबर घे आणि तिकडे कार्डावर बघ. तिने बघितलं आणि मातकट राखाडीलाच कौल दिला.

हॉलच्या भिंतीवर शेवटचा हात मारण्याआधी काकांनी अंधार करून एक दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून धरला. तिरप्या उजेडात लांबीतले सगळे उंचसखल भाग सावल्या टाकून उभे राहिले. काका हाताने चाचपत पेन्सिलीने खुणा करत गेले, मग त्या जागा पुन्हा भरून घासल्या. ही भिंत सॅटिनमध्ये केली असती तर दिवा लावला की प्रत्येक लाट दिसली असती. भिंत जितकी कमी सपाट तितकं फिनिश मॅटकडे न्यावं, असं ते म्हणाले, आणि त्या दिव्याखाली बघितल्यावर मला दुसरं काही पटलंच नसतं.

पॅसेजला खिडकी नाही. मला तिथे खोल डाळिंबी लाल हवा होता, आणि मनापासून हवा होता. काका म्हणाले, "ताई, हा दोन हातांत झाकणार नाही. तीन, कदाचित चार." झगझगीत लाल आणि पिवळ्या शेडमधली बरीच रंगद्रव्यं पारदर्शकतेकडे झुकणारी असतात. फिकट रंगांना झाकायची ताकद मिळते ती त्यांच्यातल्या टायटेनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे, आणि गडद लालमध्ये तो फारसा घालता येत नाही, घातला की तो गुलाबी होतो. बऱ्याच इमल्शनच्या डब्यांवर दोन हातांमध्ये साधारण ४ तासांचं अंतर सांगितलेलं असतं. म्हणजे दोन जास्तीचे हात म्हणजे एक अख्खा दिवस गेला, आणि तो आमच्याकडे नव्हता. विटकरी रंगाचं तसं नाही. त्याच्यात लोखंडाच्या ऑक्साइडचं रंगद्रव्य असतं आणि ते चांगलं झाकतं. दोन हातांत काम होतं.

विटकरीचे पुठ्ठे पॅसेजमध्ये लावले. दिवा असताना सुरेख. दिवा घालवून आतल्या खोलीतून येणाऱ्या अंधुक उजेडात बघितलं तर भिंत जवळजवळ काळी. अंधुक उजेडात आपले डोळे लाल रंगाला मंदावतात आणि निळ्या-हिरव्याला जास्त जागे राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहाटेच्या उजेडात फुलं बघताना हे टिपलं होतं; भर दिवसा उठून दिसणारी लाल फुलं त्या वेळी सगळ्यात काळी वाटत होती. बाबांचा रात्रीचा रस्ता याच पॅसेजमधून. म्हणून दोन्ही बाजूच्या लांब भिंतींना हॉलचाच मातकट राखाडी दिला आणि विटकरी फक्त टोकाच्या भिंतीला, तिच्यावर वरून एक दिवा सोडून. लाल रंगाचं माझं प्रेमही राहिलं आणि चालायच्या वाटेवर उजेडही. हा निर्णय काकांनी हॉलचा दुसरा हात संपवला त्या संध्याकाळी दिला, आणि बरोबर त्याच वेळी त्यांना तो हवा होता.

एका कोपऱ्यात मात्र कुठलीच शेड उपयोगाची नव्हती. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या खालच्या भागाला हात लावला तर गार लागायचा. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून तिथे चिकटवला. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूने थेंब जमलेले. ओल असताना वर काहीही लावलं तरी पोपडे धरणारच. गळती काढून घेतली आणि तेवढी जागा कोरडी व्हायला तशीच उघडी सोडली. तिथे पुढे कपाट येणार होतं, ते काही काळ हातभर अलीकडे ठेवलं. तारखेपायी ती जागा रंगवून टाकायला मी तयार नव्हते, आणि काकाही नव्हते.

रंग किती लागेल हा हिशेब मी आधीच करून ठेवला होता, कारण मध्येच रंग कमी पडला की शेड मिसळायच्या मशीनवर पुन्हा बनवलेला डबा किंचित वेगळा निघू शकतो. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंच खोली घेतली तर भिंती ४२ चौरस मीटर. दारं-खिडक्या वजा जाऊन ३६ च्या आसपास. दोन हात म्हणजे ७२. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर साधारण १० ते १२ चौरस मीटरला एक हात देतो, म्हणजे ६ ते ७ लिटर, आणि वर थोडा जास्तीचा. एका शेडचे सगळे डबे काकांनी मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळून घेतले, म्हणजे डब्याडब्यातला फरक भिंतीच्या मध्यावर उमटत नाही.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आम्ही राहायला आल्यावर झालं. पट्टी निघाल्यावर ते आपल्या पलंगावर बसून आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून भिंत बघत होते. आता दोन्हींना एकच गव्हाळ दिसतो, पूर्वीपेक्षा थोडा स्वच्छ. माझ्या आवडीचा तो निळसर राखाडी पुठ्ठा त्यांनी मागून घेतला आणि तोही बघितला. "हा आता चांगला दिसतो," म्हणाले, "पण राहू दे हाच."

उरलेला रंग हवाबंद बरण्यांत भरून ठेवला आहे. प्रत्येक बरणीवर खोली, शेडचा नंबर, बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग), फिनिश आणि तारीख लिहिलेली आहे. डब्यावरचं मशीनचं लेबल काढून तेही मागे चिकटवलं. सामान आत आणताना पॅसेजच्या कोपऱ्याला कपाट लागलं होतं. तिथे काकांनी जाण्याआधी ब्रश न वापरता छोटा रोलर फिरवला, कारण बाकीच्या भिंतीवर रोलरचाच पोत आहे.